मुरुमावरच्या लाटा कुणाच्या?

न्हावऱ्याकडून भीमेच्या दिशेने उतरणाऱ्या मुरमाड रस्त्यांना गळीत हंगाम सुरू झाला की आडव्या वळ्या पडायला लागतात. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पन्हळी पत्रा अंथरल्यासारखी लाटेमागे लाट. दोन लाटांमध्ये दीड-दोन हात अंतर, उंची दोन-तीन बोटं. खड्डा चुकवता येतो, ही पन्हळ चुकवता येत नाही. दुचाकीवाला कडेच्या गवतातून वाट काढतो, वडापमधली बाई मांडीवरचं पोर घट्ट धरते आणि उसाची ट्रॉली पाटे मोडून घेते.

अशीच एक ट्रॉली पाटा मोडून रस्त्याकडेच्या गॅरेजपुढे उभी होती. तिचा मालक शिरूर तालुक्यातल्या भीमाकाठचा बागायतदार. हंगामात स्वतःच स्टेअरिंगवर बसून दौंडच्या बाजूच्या कारखान्याला ऊस घालणारा. तरुणपणी पाबळच्या विज्ञान आश्रमात वेल्डिंग शिकलेला. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेल्या त्या आश्रमाचा एक संस्कार त्याच्या अंगात भिनलेला आहे : हाताने करून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. त्याची भाची शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. मामा अडकला म्हणून ती स्कूटरवर डबा घेऊन आली होती. वाद सुरू झाला तेव्हा मी गॅरेजवाल्याच्या बाकावर बसलेलो होतो, आणि त्या वादातलं बरंच काही लिहून ठेवण्याजोगं वाटलं. घरगुती भांडणात माणसांची नावं घालू नयेत, म्हणून मामा आणि भाची एवढंच.

मामा : "ह्या रस्त्यावर मुरूम पडला तवा मी हितंच उभा होतो. टिप्पर आला, ढीग टाकला, जेसीबीनं पसरला, फोटो काढला, बिल निघालं. पाण्याचा टँकर न्हाई, रोलर न्हाई. मग लाटा येतील न्हाईतर काय शेवंती येईल?"

भाची : "बिलाचं तुमचं खरं असेल, मामा. पण लाटांचा गुन्हा त्या बिलावर टाकता येत नाही. उद्या ठेकेदार बदला, हाच मुरूम पुन्हा पसरा. ट्रॅक्टर याच वेगाने जाणार असतील, तर महिन्याभरात लाटा परत येतील."

मामा : "म्हंजे दोष कुणाचाच न्हाई?"

भाची : "दोष शोधायच्या आधी त्या पडतात कशा ते तर बघा."

मामाचं म्हणणं असं होतं की लाट गाडीच्या पाट्यांमुळे पडते. पाट्याला झोका असतो, गाडी एका ठरावीक तालावर वर-खाली होते आणि तो ताल रस्त्यावर उमटतो. हे ऐकायला अगदी पटणारं आहे, आणि बरेच शिकलेले लोकही असंच मानतात. पण तपासणाऱ्यांनी तपासलं आहे. कीथ मॅथर नावाच्या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात एका फिरत्या दांडीच्या टोकाला चाक लावलं आणि ते वाळूच्या गोल पट्ट्यावरून फिरवलं. त्याचा लेख १९६३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आला. चाक कसंही असो, ठरावीक वेगापुढे लाटा उमटतच होत्या. पुढे २००७ साली निकोला टाबर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकेलवेन या तिघांनी तोच प्रयोग जास्त काटेकोरपणे केला, आणि संगणकातही करून पाहिला : एक मोठी चकती छोट्या चकत्यांच्या थरावरून लोळवायची. तिथे पाटे नाहीत, शॉकअप नाहीत. तरी लाटा आल्या. खालचा थर दाबला जाणं, बारीक-मोठे दाणे वेगळे होणं, या गोष्टीही लाट पडायला आवश्यक नाहीत असं त्यातून निघालं.

भाची : "आणि ऐका, २००९ च्या प्रयोगात त्यांनी चाकच काढून टाकलं. तिरपी पट्टी लावली आणि ती वाळूवरून नुसती ओढली. तरी लाटा."

मामा : "नुसती ओढून?"

भाची : "नुसती ओढून. फिरणारं काहीच नाही."

मामाने जेवण अर्धं ठेवलं. पाबळचा माणूस जागा झाला असावा. गॅरेजमागे कुणाच्या तरी घराच्या बांधकामाची क्रश सँड पडलेली होती. मामाने फावड्याने तिचा गोल पट्टा पसरला, मधोमध पहार ठोकली, पहारीत सैल बसणाऱ्या नळीला पाइप जोडला आणि पाइपच्या टोकाला बिजागरीवर पत्र्याची एक पट्टी लावली. पट्टी पुढून जरा उचललेली, वर-खाली व्हायला मोकळी. हे सगळं करायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मला दुसरा चहाही मिळाला नव्हता. गॅरेजमधल्या पोराला त्याने पाइप ढकलत फिरायला लावलं.

पोरगं चालत होतं तोवर पट्टी वाळूवर सरळ घासत गेली. मागे गुळगुळीत वाट. फेऱ्यामागून फेरे, वाट तशीच. मग भाची म्हणाली, "पळ." पोरगं पळायला लागलं. पहिल्या काही फेऱ्यांत काहीच झालं नाही आणि मामाच्या मिशीखाली हसू दिसायला लागलं. मग एका जागी पट्टीचा आवाज बदलला. घासण्याचा सलग आवाज तुटून टक्-टक् ऐकू येऊ लागलं. तिथे वाळूला दोन बारीक वळ्या पडल्या होत्या. पुढच्या फेऱ्यांत त्या दोनाच्या चार झाल्या, चाराचा जथा झाला, आणि पोराला धाप लागेपर्यंत जवळजवळ अर्धं वर्तुळ लाटांनी भरलं. मी वाकून पाहिलं. प्रत्येक लाट पुढच्या बाजूला उभी, मागच्या बाजूला निवांत उतरती. आणि पट्टी प्रत्येक माथ्यावरून उडून पुढच्या दरीत आपटत होती.

जे घडत होतं ते सांगायला अवघड नाही. पट्टी किंवा चाक पुढे जाताना आपल्यापुढे सुट्या दाण्यांचा छोटा ढीग ढकलतं. वाळूत कुठे तरी तिळाएवढा उंचवटा असतोच. तिथे तो ढीग जरा वाढतो आणि पट्टी त्याच्यावर चढते. वेग कमी असला तर ती तशीच त्याच्या पाठीला चिकटून उतरते आणि आपल्या वजनाने उंचवटा पसरवून टाकते. वेग जास्त असला तर माथ्यावर पोचल्यावर तिला उतरायला सवड मिळत नाही. ती पुढे झेपावते, पलीकडे आदळते, आदळते तिथे उकरते आणि उकरलेलं पुढे फेकते. त्या फेकलेल्या दाण्यांचा दुसरा उंचवटा झाला. मागून येणारं चाक पहिल्यावर चढतं, दुसऱ्याच्या अलीकडे आपटतं. प्रत्येक गाडी आधीच्या गाडीची चूक गिरवते आणि ठळक करते. वेग वाढला की झेप लांबते, म्हणून लाटांमधलं अंतरही वाढतं. शिवाय चाकाने पाडलेली लाट एका जागी राहत नाही. गाड्या जातात त्या दिशेला हळूहळू सरकते.

मामा : "आन् किती वेगानं सुरू हुतं हे?"

भाची : "खऱ्या रस्त्यावर पाच ते आठ किलोमीटरच्या आसपास. माणूस झपाझप चालतो तेवढा वेग."

मामा : "म्हंजी ट्रॅक्टर नुसता गिअरात पडला तरी?"

भाची : "जवळजवळ. बैलगाडी होती तोवर रस्ता या वेगाच्या आत चालत होता. बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालणार. म्हणून तुमच्या आजोबांच्या काळात लाटा नव्हत्या."

मामा : "तवा चाकोऱ्या हुत्या. लोखंडी धावंनं पाडलेल्या, गुडघाभर. गाडी एकदा चाकोरीत गेली की गावच्या वेशीपोतर भाईर निघत न्हवती. त्याचं कौतुक करू नगं."

मामाचा हा टोला रास्त होता. बैलगाडी लांबीने रस्ता कापायची, मोटार रुंदीने घडी पाडते. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी चाकोरीत अडकलेली गाडी कधी खांद्याने उचललेली नसते.

लगेच मामाने दुसरा पत्ता काढला.

मामा : "बरं, बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैल काय रांगत जात्यात? सेकंदावर बारी मोजत्यात तिथं. घाटाला का न्हाई पडत लाटा?"

भाची : "गाडा हलका असतो, बैलांच्या खुरांनी माती उकरली जाते, आणि शर्यतीआधी घाट नीट करून घेतात. लाट वाढायला त्याच वाटेवरून पुन:पुन्हा चाक जावं लागतं, मध्ये कुणी न मोडता. तेवढे फेरे घाटाला मिळतच नाहीत."

मला हे उत्तर अर्धंच पटलं. मामालाही. पण खुरांचा मुद्दा त्याच्या मनात रुतला, कारण तो पुढे दोन वेळा "खूर दाबतो, चाक ढकलतं" असं पुटपुटला.

लाटा फक्त मातीला पडतात असंही नाही. डांबरी रस्त्यावर उन्हाळ्यात, जिथे जड गाड्या ब्रेक मारतात त्या चौकांच्या अलीकडे, डांबर सरकून आडव्या वळ्या पडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या देखभालीच्या नियमांत हा प्रकार डांबरी पृष्ठाच्या दोषांमध्ये नोंदलेला आहे. दौंड जंक्शनचा उल्लेख निघाल्यावर भाचीने रुळांचं सांगितलं. रुळाच्या माथ्यावरही तीन ते आठ सेंटिमीटर अंतराच्या बारीक लाटा उमटतात, त्यावरून गाडी गेली की एकसुरी घोंघाट होतो, आणि रेल्वेला त्या घासून काढायला खास यंत्र फिरवावं लागतं. रुळाचं कारण वाळूसारखं नाही, तिथे पोलादाची झीज आणि चाकाची थरथर आहे. पण काहीतरी एकाच वाटेवरून, जोरात, पुन:पुन्हा गेलं की वाट सपाट राहत नाही, एवढं सगळीकडे सारखं.

"मग सगळंच निसर्गाच्या खात्यावर," मामा म्हणाला. "ठेकेदार सुटला."

आणि मग त्याने जे केलं त्याने वादाची बाजू पालटली. पिंपातलं पाणी आणून त्याने वाळूच्या अर्ध्या पट्ट्यावर शिंपडलं. बाजूच्या खाणीतल्या मुरुमाची तांबूस चाळ दोन घमेली मिसळली. फावड्याच्या पाठीने थापून थापून तो भाग दाबला. गॅरेजवाल्याचं लोखंडी धुम्मस होतं, तेही आपटून घेतलं. मग पोराला म्हणाला, "आता पळ किती पळायचं ते."

पोरगं पळालं. कोरड्या भागात लाटा पुन्हा उठल्या. दाबलेल्या भागावर पट्टी नुसती करकरत गेली. एक ओरखडा, दुसरा ओरखडा; वळी एकही नाही.

मामा : "तुझ्या त्या शास्त्रज्ञांनी सगळी सुटी वाळूच घेतली. सुट्या वाळूत लाटा येणारच. पर रस्ता सुटा ठेवायचा का बांधायचा, हे कोण ठरवतं? वाळू ठरवती का?"

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे बरोबर आहे. पण हे वाळू द्या. पंधरा दिवस उन्हात राहू द्या, वरून गाड्या जाऊ द्या, वरचा थर सुटेल. मग?"

"मग पुन्यांदा पाणी मारायचं," मामा म्हणाला. "शेतात आपण एकदाच पाणी देतो का?"

तिथून दोघं खऱ्या रस्त्यावर आली. मामाने मोठा पाना हातात घेतला आणि लाटेच्या माथ्यावर टोचला. पाना सहज आत गेला. माथा म्हणजे नुसते सुटे खडे आणि धूळ. दरीत टोचला तेव्हा खणकन आवाज आला. तिथे खालचा घट्ट मुरूम उघडा पडला होता, चाकांच्या माराने गुळगुळीत झालेला. म्हणजे या रस्त्यावर दोन रस्ते होते : खाली दबलेला आणि वर दोन बोटं सुटा. लाट वरच्याची होती. पाण्याविना, रोलरविना पसरलेला थर कधी खालच्याला धरतच नाही. तो नुसता वर लोळत राहतो. चांगल्या मुरुमात खडा असतो तशी थोडी चिकट मातीही लागते. ती ओलाव्यात खड्याला खड्याशी बांधते. नुसता खडखडीत मुरूम टाकला तर तो बांधला जात नाही. नुसती माती टाकली तर पावसात चिखल. हे प्रमाण सांभाळणं म्हणजेच मुरमाचा रस्ता करणं. इंडियन रोड्स काँग्रेसने असल्या रस्त्यांसाठी २००८ साली स्वतंत्र नियमावलीच काढली आहे. तेव्हा ‘कच्चा रस्ता आहे, असाच असणार’ ही सबब कागदावर तरी चालण्यासारखी नाही.

पण भाची हार मानणारी नव्हती, आणि तिचा पुढचा प्रश्न मला सगळ्या वादातला सर्वांत खोचक वाटला.

भाची : "ऊस खाली करून परत येताना रिकामी ट्रॉली किती जोरात आणता?"

मामा : "येतो... जरा दाबून येतो."

भाची : "जरा?"

मामा : "काट्यावर नंबर लागायला रात्र जाती. टनावर पैसं मिळत्यात. दुसरी खेप साधायची तर येताना वेळ काढावा लागतो. रिकामी ट्रॉली उडती, खरं हाय."

तिने हिशेब घातला. लाटांमधलं अंतर सत्तर सेंटिमीटर धरलं आणि ट्रॅक्टर ताशी पंचवीसने गेला तर सेकंदाला दहा धक्के. ताशी पाचने गेला तर दोन. दहा धक्क्यांत रिकामी ट्रॉली प्रत्येक माथ्यावर उडते, प्रत्येक दरी खोल करते आणि पाटा तिथेच तुटतो. मामाने तुटलेल्या पाट्याकडे पाहिलं, पण काही बोलला नाही. माझ्या मते लाटांचा हिशेब इथे तीन खात्यांवर वाटला जातो : दाण्यांचा स्वभाव, मुरूम सुटा सोडणारा हात, आणि खेपेच्या दरात बांधलेला वेग. तिसऱ्या खात्याबद्दल ग्रामसभेत कुणी बोलत नाही, कारण तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचे ट्रॅक्टर असतात.

तरण्या पोरांचा एक वेगळाच उपाय आहे : आणखी जोरात जा. साठच्या पुढे गेलं की गाडी लाटांच्या माथ्यामाथ्यावरून तरंगत जाते, धक्के कमी होतात. यात तथ्य आहे. ताशी साठला सेकंदाला चोवीसच्या आसपास लाटा येतात, आणि दरीत खाली पडायला चाकाला वेळच उरत नाही. १९५३ साली आलेल्या एका प्रसिद्ध फ्रेंच चित्रपटात स्फोटकांनी भरलेले ट्रक अशाच रस्त्यावरून न्यायचे असतात; चालकांपुढे अगदी सावकाश किंवा अगदी जोरात एवढेच दोन पर्याय असतात. पण तरंगणाऱ्या चाकाची जमिनीवर पकड नसते. ब्रेक मारला तर गाडी थांबत नाही, हँडल वळवलं तर वळत नाही. वळणावर ऊसतोड टोळीची बैलं समोर आली की काय होतं, ते या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

मधेच वाळूचा विषय निघाला. वाळूवरच्या लाटांचा अभ्यास जुना आहे, असं भाची सांगत होती. पाण्याखालच्या वाळूला वळ्या कशा पडतात यावर हर्था एअरटन या बाईंनी १९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. तिथे स्वतःचा निबंध स्वतः वाचणारी ती पहिली स्त्री. "अशा वळ्या मी भीमेत पायाखाली बघितल्यात," मामा म्हणाला. "उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं असायचं, खाली वाळूच्या रांगोळ्या." भीमेचं आणि घोडचं हे वाळवंट गेल्या काही दशकांत किती उपसलं गेलं, हे शिरूर-दौंडकरांना सांगायची गरज नाही. ती वाळू भरून गेलेल्या ट्रकांनी काठावरच्या रस्त्यांना कोणत्या वळ्या पाडल्या, तेही.

शेवटी मामाने आपल्या वडिलांची गोष्ट काढली. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. वाट्याला आलेल्या रस्त्याच्या तुकड्यावर रोज घमेलं, फावडं आणि धुम्मस घेऊन जायचे. कडेला उडालेला मुरूम परत मधे ओढायचे, पाणी टाकून ठोकायचे. पावसाची उघडीप मिळाली की बैलांमागे फळी लावून रस्त्यावरून ओढायचे, शेतात पेरणीआधी ढेकळं मोडायला ओढतात तशीच.

भाची एकदम म्हणाली, "पावसानंतर? ओल असताना?"

"मग काय कोरड्यात? कोरड्यात फळी उड्या मारती."

तिला अमेरिकेतला डी. वॉर्ड किंग आठवला. मिसुरीचा हा शेतकरी ओंडका उभा चिरून त्याची दोन फाकं एकमेकांना बांधायचा आणि घोड्यांमागे ओढून गावचा मातीचा रस्ता सारखा करायचा. त्याची अट एकच होती, पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना ओढायचं. पुढे तिथल्या कृषिखात्याने १९०८ साली या ओंडक्यावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिकाच काढली. मिसुरीचा शेतकरी आणि भीमाकाठचा मैलकुली, दोघांना पट्टीचं गणित कुणी शिकवलेलं नव्हतं. घोडा आणि बैल आपल्या चालीने चालत होते, म्हणून ओढलेली फळी रस्ता सपाट करत होती. गॅरेजमागच्या पोराने तीच फळी पळत ओढली तेव्हा तिने लाटा पाडल्या. ओढण्याची वस्तू तीच. फरक वेगाचा आणि ओलीचा.

आज फळीची जागा ग्रेडरच्या पात्याने घेतली आहे, आणि ट्रॅक्टरमागच्या लेव्हलरने. ग्रेडरवाल्यालाही दिवसात जास्त रस्ता उरकायचा असतो. तो भर उन्हाळ्यात येतो, कोरड्या मुरुमावरून जोरात पातं फिरवतो आणि माथ्याचा सुटा मुरूम दरीत भरून निघून जातो. रस्ता दोन दिवस छान दिसतो, फोटोही निघतो. पण दरीच्या तळाशी घट्ट, माथ्याच्या जागी सैल, अशी जुनी लाट खाली तशीच राहिलेली असते. चाकं तिला आठवड्यात वर काढतात. वर वेगाने फिरणारं पातं स्वतःच उड्या मारून नव्या लाटा पाडतं ते वेगळं. लाट कायमची मोडायची तर पातं दरीच्या तळाखाली घालून सगळा थर सोलावा लागतो, त्यात कमी असेल ती माती किंवा खडा मिसळावा लागतो, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो, आणि मध्यभाग उंच ठेवून पाणी दोन्ही कडांना काढून द्यावं लागतं.

मामाने पाटा बसवून घेतला. भाचीने डबा उचलला. "ठेकेदार सुटला न्हाई बरं का," तो ट्रॅक्टरवर चढता चढता म्हणाला. "नाही सुटला," ती म्हणाली, "पण तुम्हीही नाही."

माझा कौल मागाल तर तो मामाच्या धुम्मसाला आहे, भाचीच्या अटीसह. लाट हा भ्रष्टाचाराचा पुरावा नाही. सुटा सोडलेला थर हा आहे. त्यामुळे ग्रामसभेत ‘लाटा पडल्या’ अशी तक्रार देऊ नका, तिला उत्तर म्हणून पुन्हा एक ग्रेडर येईल आणि पुन्हा एक बिल निघेल. अंदाजपत्रकाची प्रत मागा आणि त्यात पाणी, रोलर आणि मुरुमाचा प्रकार लिहिलाय का ते बघा. लिहिला असेल तर टँकर कोणत्या दिवशी आला ते विचारा. दुरुस्ती मे महिन्यात नको, पाऊस उघडल्यावर ओल असताना करा म्हणा. आणि ग्रेडर आलाच तर गावातल्या एका माणसाने त्याच्या बाजूने चालत जावं. चालकाला दोनच गोष्टी सांगाव्यात : पातं लाटेच्या तळाखाली घाल, आणि मला मागे टाकू नकोस.